आमच्या कारवीला पाटीवर तरी धड नाव द्या!

रविवारी डोंगरावर गेलो तर पायवाटेला नव्या कोऱ्या पाट्या. एकीवर टोपली कारवी, 'प्लिओकॉलस रिचेई'. चार पावलांवर दुसरी, कारवी, 'कार्विया कॅलोसा', आणि खाली ठळक अक्षरांत 'दर बारा वर्षांनी फुलते'. बारा? अरे, बारा वर्षं केरळातल्या मुन्नारच्या नीलकुरिंजीची! आपली कारवी बोरिवलीला २०१६ साली फुलली आणि २०२४ला परत. करा हिशेब!

वर तिथला माणूस पोरांना सांगतोय, "या दोघींचा काही संबंध नाही, जीनसच वेगळा." जीनस म्हणजे जवळच्या नात्यातल्या जातींचा गट. माझं डोकंच फिरलं. अहो, बहिणी आहेत त्या! वर्षानुवर्षं नुसता पाला, मग एकदाच अख्खा उतार जांभळा, बी धरलं की झाड संपलं. तिघींची तीच रीत, कारवीची, टोपलीची आणि त्या नीलकुरिंजीचीही. एक पुरुषभर उंच वाढते, दुसरी गुडघ्यापाशी गोल बसते, एवढ्यावरून नातं तुटतं होय?

१९४४ साली ब्रेमेकाम्प या डच शास्त्रज्ञाने स्ट्रोबिलँथिस हा या तिघींचा जीनस फोडून पन्नासच्या वर जीनस केले. परागकणांवर त्याचा फार भर. कार्विया, प्लिओकॉलस ही त्याचीच नावं; नीलकुरिंजीचं फ्लेबोफिलम मात्र त्याच्या आधीचं, नीस या शास्त्रज्ञाचं. माणूस मेहनती, त्याच्यावर राग नाही. पण पुढच्या अभ्यासकांनी तपासलं तेव्हा ते तुकडे टिकले नाहीत आणि सगळ्या परत स्ट्रोबिलँथिसमध्ये आल्या. यालाही जमाना झाला. तरी नवी पाटी रंगवताना १९४४चंच नाव!

पुस्तकांचीही तीच तऱ्हा. एकात स्ट्रोबिलँथिस कॅलोसा, दुसऱ्यात कॅलोसस, तिसऱ्यात कार्विया, आणि कारवी, कार्विया अशी दोन वेगळी झाडं समजून वह्या भरणारी पोरं मी पाहिली आहेत. भारंगीचंही तेच. क्लेरोडेंड्रमची रोथेका होऊन किती वर्षं झाली, रोपवाटिकेच्या चिठ्ठीवर अजून क्लेरोडेंड्रम. बाभळीचं तर बोलायलाच नको.

ज्यांच्या घराच्या कुडाला कारवीच्या काठ्या असायच्या, त्या आजीला या कशाची गरज नव्हती. कारवी म्हणजे कारवी. पण शास्त्रीय नाव लिहायचंच असेल तर बरोबर लिहा ना! त्या माणसाला हे सांगितलं तर म्हणतो, "साहेब, पाटी वरून आलीये." मग वर कळवा. उतरवा ती, आणि आधी ते बारा खोडा.