तिसरीत पुसलेला फरक चाळिशीत दिसतो तेव्हा

महिनाभर एक मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतोय. आमच्या शिक्षकांच्या ग्रुपवर तो तीनदा आला, तिसऱ्यांदा तर एका सहकाऱ्यानं वर ‘अगदी खरं’ असं लिहून पाठवला. त्यात म्हटलंय ते थोडक्यात असं: अंगणवाडी-बालवाडीवरचा खर्च पाण्यात जातो. बालवाडीचा फायदा तिसरीपर्यंत पुसला जातो, हे अमेरिकेतच सिद्ध झालंय. लहान मूल आईजवळच नीट शिकतं. आणि परतावा मिळालाच तर चाळीस वर्षांनी, मग हा पैसा पहिलीपासूनच्या शाळांनाच का देऊ नये?

मी एकवीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिलीला शिकवते. म्हणजे हा पैसा ज्यांना द्या म्हणतायत, त्यांच्यातलीच मी. तरी हे मला मान्य नाही.

‘तिसरीपर्यंत पुसला जातो.’ परीक्षेच्या गुणांपुरतं हे बरंचसं खरं आहे, ते आधीच मान्य करते. अमेरिकेत १९६५ पासून चालणाऱ्या हेड स्टार्ट या गरीब मुलांसाठीच्या बालवाडी योजनेची मोठी तपासणी झाली, तेव्हा सुरुवातीला दिसलेला फरक तिसरीपर्यंत जवळजवळ उरला नव्हता. पण मजकूर तिसरीतच थांबतो. मुलं थोडीच तिथं थांबतात!

मिशिगन राज्यातल्या इप्सिलांटी गावात १९६२ ते १९६७ या काळात पेरी बालवाडी चालली. गरीब कृष्णवर्णीय घरांतली १२३ मुलं निवडली, त्यातली ५८ बालवाडीत घेतली, ६५ घेतली नाहीत. रोज अडीच तास वर्ग, आणि आठवड्यातून एकदा शिक्षिका घरी जाऊन आईशी बोलणार. बुद्ध्यांकातला फरक काही वर्षांत विरला. तिसरीत कुणी निकाल मागितला असता तर ‘फुकट गेलं’ असंच उत्तर मिळालं असतं. पण संशोधकांनी ही मुलं चाळिशीपर्यंत सोडली नाहीत. पाच किंवा जास्त वेळा अटक झालेल्यांचं प्रमाण बालवाडीत न गेलेल्यांत ५५ टक्के निघालं, गेलेल्यांत ३६. कमाईतही बालवाडीवाले पुढे होते.

बोस्टन शहराचं उदाहरण तर अलीकडचं. तिथं १९९७ ते २००३ मध्ये सरकारी बालवाडीचे प्रवेश सोडतीनं झाले, त्यामुळे ज्यांचा नंबर लागला आणि ज्यांचा नाही अशा मुलांची सरळ तुलना करता आली. पुढच्या शाळेतल्या परीक्षांत फरक नाही. पण शाळा संपताच कॉलेजात जाणाऱ्यांचं प्रमाण बालवाडीवाल्यांत दर शंभरांमागे सुमारे आठनं जास्त, आणि गैरवर्तनापायी शाळेतून काही दिवस काढून टाकण्याचे प्रसंग कमी.

हे वाचून मला नवल वाटलं नाही. जूनमध्ये माझ्या वर्गात तीसेक मुलं येतात. कुणाला किती अक्षरं येतात याकडे मी पहिल्या आठवड्यात बघतच नाही. एखादं पोर पेन्सिल मुठीत धरून कागद फाडतं आणि रडत दाराकडे धावतं. दुसरं पाण्याच्या पिंपाशी रांगेत उभं राहतं, पुढच्याचं पिऊन होईतो थांबतं, पेला पालथा घालून परत जाग्यावर येतं. या दुसऱ्या पोराची सेविका कोण, हे मी न विचारता सांगू शकते. अक्षरं दोघंही दिवाळीपर्यंत शिकतात. थांबणं, ऐकणं, चुकलं तर पुन्हा करून बघणं हे कुठल्याच पेपरात मोजलं जात नाही, आणि जन्मभर तेच उपयोगी पडतं.

मजकुरात नसलेला, पण माझ्या म्हणण्याला सगळ्यात अडचणीचा निकालही सांगते. अमेरिकेतल्याच टेनेसी राज्यात सुमारे तीन हजार मुलांचा अभ्यास झाला. तिथं सरकारी बालवाडीत गेलेली मुलं सहावीत न गेलेल्यांपेक्षा मागं पडलेली दिसली, वर्तनाच्या तक्रारीही जास्त. अभ्यासातल्या संशोधक डेल फॅरन यांनी नंतर ज्या गोष्टींवर बोट ठेवलं त्या आपल्याही ओळखीच्या आहेत: सगळ्यांना एकत्र बसवून शिकवणं, कडक शिस्त, मोकळा खेळ कमी. आपल्याकडे तीन वर्षांच्या लेकराकडून एक ते शंभर लिहून घेणाऱ्या नर्सऱ्यांत मी हेच बघते. तेव्हा बालवाडी कशीही चालवली तरी फायदाच, असं मी म्हणणार नाही. तिथले तास कसे जातात यावर सगळं आहे.

‘आईजवळच शिकतं.’ जमैकात १९८६-८७ मध्ये वाढ खुंटलेल्या १२९ बाळांवर प्रयोग झाला. त्यातल्या काहींच्या घरी आरोग्यसेविका दर आठवड्याला तासभर जाऊन आईला बाळाशी कसं खेळायचं ते दाखवत. दोन वर्षं एवढंच. वीस वर्षांनी त्या मुलांची कमाई, मदत न मिळालेल्यांपेक्षा पंचवीस टक्के जास्त होती. तिथं आईला हाताशी धरूनच काम झालं.

‘पैसा पाण्यात.’ मला सगळ्यात जास्त लागलं ते हे. अंगणवाडीत शिकवणार कोण? एकच सेविका. वजनं घ्यायची तिनं, आहार वाटायचा, फोनवर माहिती भरायची, गरोदर बायांच्या घरी जायचं, आणि यातून उरलेल्या वेळात गाणी-गोष्टी. तमिळनाडूत ३२० अंगणवाड्यांत एक प्रयोग झाला: निम्म्या केंद्रांत फक्त बालशिक्षणासाठी अर्ध्या दिवसाची एक जादा कार्यकर्ती दिली. शिकवण्याचा वेळ दुप्पट झाला. दीड वर्षात गणित आणि भाषा दोन्हींत मुलं पुढं गेली. शिवाय जुन्या सेविकेला पोषणाकडे बघायला सवड मिळाली, त्यामुळे कुपोषणही घटलं. मुलांच्या पुढच्या कमाईचा अंदाज धरला तर फायदा खर्चाच्या तेरा ते एकवीस पट, असं संशोधकांनी मांडलं. हा अंदाज आहे हे मी विसरत नाही. पेरी बालवाडीचा ‘एका डॉलरला सोळा डॉलर’ हा परतावा आपल्या अंगणवाडीला चिकटवणारे समर्थकही मला पटत नाहीत. ती महागडी, छोटी बालवाडी होती. पण तमिळनाडूतल्या अंगणवाड्या आपल्याच योजनेतल्या आहेत, आणि तिथं भर पडली ती फक्त एका बाईच्या अर्ध्या दिवसाची.

राहिलं ‘चाळीस वर्षांनी.’ बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी पालघरकडच्या बोर्डी-कोसबाडला काम करताना पाहिलं की धाकट्या भावंडांना सांभाळायला मुली घरी राहतात. म्हणून त्यांच्या विकासवाडीत पाळणाघर, बालवाडी आणि शाळा एकाच आवारात आल्या. त्या मुलींना शाळेत यायला चाळीस वर्षं थांबावं लागलं नाही.

माझ्या हजेरीपटात एक मुलगी होती. सोयाबीन काढणीला आई गेली की सलग गैरहजर. मग गावातली अंगणवाडी वेळेवर उघडू लागली, नवीन सेविका रोज स्वतः दार उघडायची. मग एका सोमवारी ही पोरगी भावाला तिकडे सोडून, धापा टाकत, प्रार्थनेआधी वर्गात हजर.