ती एक ओळ लिहा आणि सुखी व्हा

शुक्रवारची संध्याकाळ आहे, सोमवारी पतसंस्थेच्या संचालकांना पोर्टलचा डेमो आहे, आणि फॉर्म सबमिट केला की समोर ४०३, म्हणजे ‘परवानगी नाही’, येतोय: ‘सीएसआरएफ व्हेरिफिकेशन फेल्ड’. (सीएसआरएफ म्हणजे क्रॉस-साइट रिक्वेस्ट फोर्जरी, परक्या साइटने तुमच्या नावाने पाठवलेला खोटा कागद. तो अडवणारी तपासणी इथे नापास झालीय.) अशा वेळी समजूतदार माणूस काय करतो? एरर कॉपी करतो, सर्चमध्ये टाकतो आणि पहिलं उत्तर आपलंसं करतो. तुमचं फ्रेमवर्क, म्हणजे साइट बांधायचा तयार सांगाडा, जँगो असेल तर व्ह्यूच्या, म्हणजे फॉर्म हाताळणाऱ्या कोडच्या, डोक्यावर ‘सीएसआरएफ एक्झेम्प्ट’ची टोपी घाला. स्प्रिंग असेल तर ‘सीएसआरएफ डिसेबल’. लारावेलवाल्यांना ४१९ हा एरर येतो, त्यांनी तो राऊट, म्हणजे फॉर्म जातो तो पत्ता, अपवादांच्या यादीत ढकलावा. एका ओळीचं काम. फॉर्म चालतो आणि तुम्हाला घरी गरम जेवण मिळतं. शेजारी ‘टेम्पररी, डेमोनंतर काढणे’ अशी कॉमेंट मात्र आठवणीने लिहा. माझ्या एका जुन्या प्रोजेक्टात अशी कॉमेंट २०१६ पासून नांदतेय. ती लिहिणारा मुलगा आता टीम लीड आहे आणि नव्या मुलांना सिक्युरिटीचं ट्रेनिंग देतो.

ही भानगड काय, असं कोणी विचारलंच तर उत्तर तयार असू द्या. ब्राउझर हा तुमचा इमानी शिपाई. सभासदाने सकाळी पोर्टलवर लॉगिन केलं की पोर्टलचा शिक्का, म्हणजे कुकी, याच्या खिशात. मग पोर्टलकडे जाणाऱ्या प्रत्येक कागदावर हा शिक्का मारणार. कागद सभासदाने दिला की शेजारच्या टॅबमधल्या ‘मोफत राशिभविष्य’वाल्या पानाने, ही चौकशी त्याच्या कामात बसत नाही. त्या पानावर न दिसणारा एक फॉर्म असतो, पान उघडताच आपला आपण सबमिट होणारा. चोराला पासवर्ड कळत नाही, कुकी दिसत नाही, पोर्टलने काय उत्तर दिलं तेही वाचता येत नाही. त्याचं काही अडतही नाही. नोंदवलेला ईमेल बदलला की त्याचं काम झालं. इतक्या अल्पसंतुष्ट माणसाच्या वाटेत तुम्ही टोकन आडवं घालणार?

आणि टोकन म्हणजे तरी काय, सर्व्हरने आपल्या फॉर्ममध्ये लपवून दिलेला, अंदाज लागणार नाही असा एक नंबर. तो सोबत आला नाही तर कागद परत. राशिभविष्यवाल्याला तो वाचता येत नाही, म्हणून त्याचा कागद परत जातो. किती कोतं मन!

तुम्ही मन मोठं ठेवा. जमलं तर सगळी कामं गेट रिक्वेस्टनेच, म्हणजे नुसता पत्ता उघडला की होतील अशी, करा. नावच गेट आहे, उघडं ठेवायलाच असतं. २००८ च्या सुरुवातीला मेक्सिकोत लोकांना ई-ग्रीटिंगचा मेल आला. मेलमध्ये इमेजचा टॅग, आणि त्या टॅगमधला पत्ता घरातल्याच राउटरचा. चित्र दाखवायचं म्हणून मेल प्रोग्रॅमने तो पत्ता उघडला, आणि राउटरने आज्ञाधारकपणे एका बँकेच्या नावापुढे चोराच्या सर्व्हरचा पत्ता लिहून ठेवला. कुठे क्लिक नाही, काही नाही. चोर नसला तरी गेटचे फायदे आहेतच. २००५ मध्ये गूगलने वेब अॅक्सिलरेटर काढला, तो पानावरच्या लिंक वेळ वाचावा म्हणून आधीच उघडून ठेवायचा. काही अॅप्समध्ये ‘डिलीट’ हीही साधी लिंकच होती. लोकांचा वेळ वाचला, डेटा नाही वाचला.

मोठ्यांची उदाहरणं हाताशी ठेवा, मीटिंगमध्ये कामाला येतात. नेटफ्लिक्समध्ये २००६ साली परक्या पानावरून तुमच्या रांगेत डीव्हीडी घालता येत होत्या, डिलिव्हरीचा पत्ताही बदलता येत होता. २००७ मध्ये जीमेलची पाळी. तिथे तुमच्या नकळत एक फिल्टर बसायचा आणि मेलची प्रत गुपचूप दुसरीकडे जायची. गूगलने भोक बुजवलं, पण आधी बसलेला फिल्टर आपला जागच्या जागी. ‘त्यांचं झालं तर आपलं काय’ हे वाक्य इथे वापरायचं असतं.

तरीही एखादा खडूस रिव्ह्यूअर भेटतोच. त्याला म्हणा, आम्ही गेट नाही, पोस्ट वापरतो, माहिती पत्त्यात न घालता आतून पाठवतो. (तो न दिसणारा फॉर्मही पोस्टच वापरतो, हे त्याला आठवू देऊ नका.) आम्ही जेसन, म्हणजे प्रोग्रॅमना कळणारा ठराविक साच्यातला मजकूर, घेतो म्हणा. साध्या फॉर्मलाही टेक्स्ट-प्लेन, म्हणजे साधा मजकूर, असं लेबल लावून जेसनसारखा मजकूर पाठवता येतो आणि तुमचा सर्व्हर ते लेबल (कन्टेन्ट-टाइप) न बघता तो गिळतो, हा तुमच्या घरचा मामला. सीओआरएस, म्हणजे परक्या साइटला आपलं काय वाचू द्यायचं याचा नियम, लावलंय म्हणा. ते फक्त उत्तर वाचायला मज्जाव करतं, साधा फॉर्म केव्हाच पोचलेला असतो. रेफरर, म्हणजे रिक्वेस्ट कोणत्या पानावरून आली ते सांगणारं हेडर, तपासतो म्हणालात तरी चालेल. त्या हेडरच्या नावातला एक ‘आर’ स्पेसिफिकेशन लिहितानाच गळाला, तेव्हा तुम्ही तपासताना थोडं काही गाळलंत तर बिघडलं कुठे? पत्त्यात आपलं नाव ‘कुठेतरी’ आलं की पुरे. चोरही आपल्या डोमेनच्या पुढे तुमचं नाव लावायला तयार असतो.

हुकमाचा एक्का म्हणजे सेमसाइट, परक्या साइटवरून निघालेल्या रिक्वेस्टसोबत कुकी द्यायची की नाही हे ठरवणारी सेटिंग. फेब्रुवारी २०२० मध्ये क्रोम ८० ने कुकी मुळातच ‘लॅक्स’, म्हणजे परक्या साइटच्या पोस्टसोबत सहसा न जाणारी, धरायला सुरुवात केली. एप्रिलमध्ये कोविडमुळे ते थांबवलं आणि जुलैत पुन्हा सुरू केलं. तेव्हा ‘क्रोम बघून घेईल’ म्हणायला हरकत नाही. फक्त लॅक्समध्ये लिंकवर क्लिक करून आलेल्या गेटसोबत कुकी जातेच, आणि तुमची सगळी कामं तर गेटवर. शिवाय मार्केटिंगच्या इंटर्नने तुमच्याच सबडोमेनवर चढवलेला, वर्षभर अपडेट न केलेला ब्लॉग क्रोमच्या हिशेबी ‘सेम साइट’च, म्हणजे घरचाच माणूस.

ऑडिटर आला तर ओवास्प या वेब सुरक्षेवर काम करणाऱ्या संस्थेची टॉप टेन धोक्यांची यादी पुढे करा. २०१३ मध्ये सीएसआरएफ आठव्या नंबरावर होतं, २०१७ च्या यादीत नाहीच. ते का गेलं, हे तो विचारणार नाही, तुम्हीही सांगू नका. फ्रेमवर्क आता संरक्षण स्वतःहून देतात म्हणून ते गेलं. म्हणजे शुक्रवारी संध्याकाळी तुम्ही बंद केलंत ते.

आणि एखाद्या सभासद काकांचा फोन आलाच, ‘अहो, माझा ईमेल मी बदललाच नाही,’ तर घाबरू नका. लॉग उघडा. आयपी काकांचा, ब्राउझर काकांचा, सेशन काकांचं, वेळ दुपारी जेवणानंतरची. ‘काका, तुम्हीच केलंय, इथे नोंद आहे,’ असं नम्रपणे सांगा. ते म्हणतील, ‘मी तर फक्त राशिभविष्य बघत होतो.’ धनहानीचा योग लिहिला होता का, तेवढं विचारून घ्या.