घेतला वसा टाकू नका

ज्या गेमची तुम्ही दोन वर्षं वाट बघताय, जो विशलिस्टमध्ये सगळ्यात वर ठाण मांडून बसलाय, तो "पहिलं वर्षभर फक्त त्या दुसऱ्या स्टोअरवर" मिळणार असं एके दिवशी जाहीर झालं, तर गांगरून जाऊ नका. आपलं स्टोअर म्हणजे स्टीम, कॉम्प्युटर गेम्सचं जुनं ऑनलाइन दुकान, आणि ते दुसरं म्हणजे एपिक, त्याचा नवा प्रतिस्पर्धी. अशा वेळी काय करायचं याचा मला ताजा अनुभव आहे. ताजा म्हणजे गेल्या शनिवारचा. तो मागाहून सांगतो. आत्ताच सांगायला बसलो तर मार्गदर्शन बाजूला राहील आणि तोंडातून भलतंच काहीतरी जाईल.

सगळ्यात आधी शपथ घ्या. मनातल्या मनात घेतलेली चालत नाही, चारचौघांत घ्यावी लागते. "नो स्टीम, नो बाय" (स्टीमवर नाही, तर घेणार नाही) ही घोषणा 2019 पासून तयार आहे, नवीन काही सुचण्याची गरज नाही. प्रोफाइलचा फोटो बदला. ग्रुपमध्ये ज्याचा माइक सगळ्यात भारी असेल त्याला सेनापती करा. आमच्या चौघांत तो कोण हे आपसूकच ठरलं. त्या रात्री त्याने व्हॉइस चॅनलवर वीस मिनिटं भाषण ठोकलं. "आज आपण झुकलो तर उद्या प्रत्येक गेमचं वेगळं दुकान निघेल," हे वाक्य ऐकून माझ्या अंगावर खरंच काटा आला होता. चौघांनी एकेक करून "नाही घेणार" म्हटलं. मी जरा जास्तच मोठ्याने म्हटलं.

शपथ झाली की कारण शोधा. लाँचर, म्हणजे प्रत्येक दुकानाचा गेम सुरू करायला लागणारा वेगळा प्रोग्रॅम, हे कारण उत्तम. मशीनवर यूबिसॉफ्टचा आहे, ईएचा आहे, बॅटल.नेट आहे, रॉकस्टारचा आहे, पण आता आणखी एक आला की कॉम्प्युटरचा जीव गुदमरणार. 2004 मध्ये लोक हाफ-लाइफ 2 ची डिस्क विकत घेऊन घरी आले आणि स्टीम टाकल्याशिवाय गेम सुरूच होईना, तेव्हा त्यांनी स्टीमच्या नावाने अशीच बोटं मोडली होती. हे कुणी उकरून काढलं तर त्याला "एपिकचा पगारी" म्हणा आणि पुढे चला.

कार्टचा मुद्दा जपून वापरा. एपिकचं स्टोअर डिसेंबर 2018 मध्ये उघडलं आणि त्यात शॉपिंग कार्ट आलं डिसेंबर 2021 मध्ये. तीन वर्षं एका वेळी एकच गेम घ्या, पैसे भरा, परत या, दुसरा घ्या! हा मुद्दा शंभर टक्के खरा आहे, आणि खऱ्या मुद्द्याची अडचण अशी की समोरचा "बरोबर आहे" म्हणून मोकळा होतो. मग भांडायचं कुणाशी?

हिशेबाच्या वाटेला चुकूनही जाऊ नका. स्टीम विक्रीतले 30 टक्के ठेवून घेतं आणि एपिकने दुकान उघडलं ते 12 वर, इथवर ठीक आहे, तेवढं सगळ्यांनाच माहीत असतं. त्यापुढे वाचू नका. वाचलंत तर कळेल की स्टीमचा वाटा एक कोटी डॉलरच्या विक्रीनंतर 25 आणि पाच कोटींनंतर 20 टक्क्यांवर येतो. म्हणजे सूट कुणाला, तर जो आधीच गब्बर आहे त्याला. मग आगाऊ हमी नावाचा प्रकार कळेल. खप होवो न होवो, इतके पैसे तुमचे, असं दुकान आधीच लिहून देतं. कंट्रोल या गेमसाठी असे सुमारे 95 लाख युरो मोजले गेले. ज्या स्टुडिओकडे चार महिन्यांच्या पगाराएवढेच पैसे उरलेत, त्याच्यासमोर असा कागद ठेवला तर तो काय करेल, असा विचार डोक्यात येऊ लागतो. आला की पाणी प्या. एपिकने काही धर्मादाय खातं उघडलेलं नाही, गिऱ्हाईक खेचायला पैसा ओतलाय, हे आठवा. राग परत येईल.

फुकटचे गेम मात्र दर गुरुवारी न चुकता घ्या. तो बहिष्काराचा भंग नाही, शत्रूचा दारूगोळा संपवणं आहे. मे 2020 मध्ये जीटीए 5 फुकट मिळाला तेव्हा इतके सैनिक एकदम चालून गेले की एपिकचं स्टोअरच कोसळलं. तेवढा एक दिवस बहिष्कार थोडा सैल होता.

आता मुख्य शस्त्र. रिव्ह्यू. जो गेम तुम्हाला मिळाला नाही त्याला वाईट रिव्ह्यू देता येत नाही, कारण तो तुमच्या स्टोअरवर नाहीच. म्हणून त्याच लोकांच्या जुन्या गेमला द्यायचा. मेट्रो एक्सोडस जानेवारी 2019 च्या अखेरीस, बाजारात यायला जेमतेम अडीच आठवडे उरलेले असताना, स्टीमवरून काढून एपिकला नेला, तेव्हा लोकांनी मेट्रोच्या आधीच्या गेम्सवर लाल अंगठ्यांचा पाऊस पाडला. एप्रिलमध्ये बॉर्डरलँड्स 3 ची बातमी आली आणि बॉर्डरलँड्स 2 झोडपला गेला. गेम साडेसहा वर्षांचा, त्याच्यात एक ओळही बदललेली नाही, पण काल जो "अफलातून" होता तो आज "टाळा". तोवर स्टीमची मालक कंपनी व्हॉल्वने असे विषय सोडून दिलेले रिव्ह्यू ओळखून गुणांकनातून वगळण्याची सोय केली होती, आणि ती इथे वापरलीही. म्हणजे बॉम्ब फुटतो, धूर निघतो, आकडा हलत नाही.

हे मला माहीत होतं. तरी मीही असा एक बॉम्ब टाकला. ज्या स्टुडिओच्या गेमवर आम्ही बहिष्कार घातला होता त्यांचा आधीचा गेम माझ्याकडे होता, छोटासा. त्यात माझे 140 तास गेलेत. आजारपणात अंथरुणावर लॅपटॉप पोटावर ठेवून मी तो खेळलोय. त्याच्या शेवटी पाऊस सुरू होतो आणि संगीत थांबतं, तिथे मी दोन मिनिटं काहीच न दाबता बसून राहिलो होतो. त्या गेमला मी लाल अंगठा दिला आणि खाली लिहिलं, "पैशापुढे शेपूट हलवणाऱ्यांकडून काहीही घेऊ नका." सेनापतीने स्क्रीनशॉट काढून ग्रुपवर टाकला. तिघांनी टाळ्या पाठवल्या. 212 जणांना माझा रिव्ह्यू "उपयुक्त" वाटला. तिसऱ्या दिवशी स्टुडिओकडून खाली उत्तर आलं. "तुमचा राग समजतो. 140 तास खेळलात, त्याबद्दल मनापासून आभार." बस, एवढंच. आणि मी काय केलं? त्यावर हसण्याचा इमोजी टाकला.

पुढचा सल्ला. नेहमी सगळ्यात लहान माणूस निवडा. असे करार बहुतेक वेळा पब्लिशर, म्हणजे गेम बाजारात आणणारी कंपनी करते, पण तिला शिव्या देऊन हाताला काय लागणार, ती वाचत नाही. वाचतो तो रात्री स्वतःच सोशल मीडिया सांभाळणारा डेव्हलपर. ऑगस्ट 2019 मध्ये ऊब्लेट्स नावाच्या गेमच्या मागे लोक लागले होते. शेतात पेरून गोंडस प्राणी पिकवायचे आणि नाचात एकमेकांना हरवायचं, असा तो गेम. करणारी माणसं दोन. मोजून दोन! एपिकवर जातोय हे त्यांनी जरा थट्टेच्या सुरात लिहिलं, एवढ्यावरून त्यांना हजारोंनी शिव्या आणि धमक्या गेल्या. त्यांच्या नावावर न केलेली विधानं खपवायला खोटे स्क्रीनशॉट बनवले गेले. नाचणाऱ्या भाजीपाल्याचा गेम बनवणाऱ्या दोघांना जिवे मारायची भाषा! का, तर डेस्कटॉपवर एक आयकॉन जास्त ठेवावा लागणार म्हणून!

माफ करा, हा उपदेशाचा लेख आहे. आवाज खाली घेतो.

वर्षभर थांबण्याने गेम स्वस्त होतो, चुका दुरुस्त करणारे पॅच येतात, खेळाडूंनी बनवलेले मोड्स येतात, पण हे गप्प राहून करायची गोष्ट असल्याने आपल्या कामाची नाही.

जिथे राग रास्त आहे तिथे फार वेळ रेंगाळू नका. शेनम्यू 3 या गेमसाठी लोकांनी 2015 मध्ये किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या साइटवर पैसे दिले, स्टीमवर गेम उघडायचा कोड मिळेल या शब्दावर. 2019 मध्ये कळलं, की एपिकचा मिळेल. हे सरळसरळ शब्द फिरवणं होतं. तिथे लोकांनी "आमचे पैसे परत द्या" एवढं एकच लावून धरलं, आणि महिन्याभरात परतफेड जाहीर झाली, त्याचा खर्चही एपिकने उचलला. काम झालं. पण त्यात शौर्य कुठे आहे?

आता शनिवार.

वर्ष संपलं. गेम आमच्या स्टोअरवर आला. मी आदल्या रात्रीच डाउनलोड लावून ठेवला होता. वर्षभर मी एक ट्रेलर पाहिला नव्हता, गेमचं नाव दिसलं की पुढे सरकत होतो. रात्री दहाला चौघं चॅनलवर आलो. पहिल्या तळघरात शिरलो. मी डाव्या दाराकडे वळलो, तसा सेनापती शांतपणे म्हणाला, "तिकडे नको, तिकडे नुसता खड्डा आहे. चावी खाली, पिंपामागे."

मी थांबलो. "तुला कसं माहीत?"

"ट्रेलरमध्ये होतं."

ट्रेलरमध्ये पिंपामागची चावी! दुसरा गप्प. तिसऱ्याच्या माइकमधून हसू दाबल्याचा आवाज आला. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. सेनापतीने गेम दुसऱ्याच आठवड्यात घेतला होता. चौथ्या आठवड्यात दुसऱ्याने आणि तिसऱ्याने. तिघांनी मिळून पूर्ण केला होता. दोनदा. को-ऑप! मला कळू नये म्हणून तिघं स्टेटस लपवून बसायचे. "तुला सांगणार होतो रे," सेनापती म्हणाला, "पण तू फारच मनावर घेतलं होतंस."

2009 मध्ये मॉडर्न वॉरफेअर 2 या गेमवर बहिष्कार घालणाऱ्यांचा स्टीमवर ग्रुप होता. गेम आला त्या दिवशी कुणीतरी त्या ग्रुपच्या सदस्यांची यादी उघडून फोटो काढला, तर त्यातले कितीतरी जण मॉडर्न वॉरफेअर 2 खेळताना दिसत होते. मी तो फोटो पन्नास वेळा बघून हसलोय. त्यातल्या न खेळणाऱ्या माणसाकडे माझं कधी लक्षच गेलं नव्हतं. तो मी.

तेव्हा आता सल्लाबिल्ला पुरे, सरळ सांगतो. गेम नको तर घेऊ नका. त्या स्टोअरवर पाय ठेवायचा नाही तर ठेवू नका, कुणी जबरदस्ती केलेली नाही. शब्द मोडला असेल तर पैसे मागा, आणि ज्याने शब्द मोडला त्याच्याकडेच मागा. पण जो गेम तुम्ही स्वतः लपूनछपून खेळताय त्याच्या नावाने दुसऱ्यांना पेटवू नका. आणि ज्यांनी करारावर सही केली नाही, ज्यांना करार झाल्याचं तुम्हाला कळलं त्याच दिवशी कळलं असेल, त्यांच्या इनबॉक्समध्ये रात्री अडीचला घाण ओतू नका. लाज वाटू द्या जरा. तत्त्व वगैरे काही नव्हतं ते. कंटाळा आला होता, टोळी जमली होती आणि समोर उलट न मारणारा माणूस सापडला होता. मलाही तेच झालं होतं. मी प्रामाणिकपणे वर्षभर थांबलो म्हणून माझा लाल अंगठा कमी घाणेरडा होत नाही.

रविवारी सकाळी मी तो रिव्ह्यू उघडला. अंगठा बदलला, मजकूर पुसला आणि पावसाबद्दल चार ओळी लिहिल्या. स्टुडिओचं जुनं उत्तर अजून खाली तसंच आहे. वर आता चांगला रिव्ह्यू आणि खाली "तुमचा राग समजतो". नवीन माणसाला काही अर्थबोध होणार नाही.

आणि सेनापती, तू हे वाचणार हे मला माहीत आहे. तळघर संपवून मी वर आलोय. एकटाच खेळतोय. शेवटी काय होतं ते ग्रुपवर लिहिलंस तर याद राख.