‘लॅन्सेटनेही मान्य केलेला’ भुईआवळा

पावसाळा लागला की व्हॉट्सअ‍ॅपवर हा मेसेज फिरू लागतो: ‘काविळीवर डॉक्टरांकडे औषधच नाही. भुईआवळ्याचा रस सात दिवस अनशापोटी घ्या, लॅन्सेटनेही (ब्रिटनचं नामांकित वैद्यकीय नियतकालिक) मान्य केलंय. वनस्पती आहे, अपाय शून्य.’ हे वाचून लोक रक्ततपासणी लांबवतात, म्हणून एकेक मुद्दा घेऊ.

‘औषधच नाही.’ दूषित पाण्यातून होणाऱ्या हिपॅटायटिस (विषाणूमुळे यकृताला येणारी सूज) ए आणि ई यांपुरतं हे बरंचसं खरं आहे. बहुतेकांचं यकृत काही आठवड्यांत आपोआप सावरतं. पण कावीळ हे लक्षण आहे. पित्तनलिकेत खडा अडकला असेल तर तो काढावाच लागतो. हिपॅटायटिस सी साधारण १२ आठवड्यांच्या गोळ्यांनी १०० पैकी ९५ जणांचा बरा होतो, आणि सरकारी कार्यक्रमात त्या मोफत मिळतात.

‘सात दिवसांत जाते.’ आपसूक ओसरणाऱ्या आजाराचं श्रेय शेवटी घेतलेल्या उपायाला मिळतं. कावीळ उतरावी म्हणून गळ्यात घालतात ती काड्यांची माळही अशीच: ती लांबते, कारण ओल्या काड्या वाळून तिचे वेढे सैल होतात. निरोगी माणसाच्या गळ्यातही ती लांबेल.

‘लॅन्सेटने मान्य केलंय.’ हा दावा नीट बघण्यासारखा आहे, कारण त्यामागे खरंच एक प्रयोग आहे. १९८८ साली चेन्नईचे त्यागराजन आणि हिपॅटायटिस बीचा शोध लावणारे नोबेलविजेते ब्लूमबर्ग यांच्या गटाने तो लॅन्सेटमध्ये छापला. भुईआवळ्याची पूड ३० दिवस घेतलेल्या ३७ पैकी २२ जणांच्या रक्तातून विषाणूचं प्रथिन नाहीसं झालं. औषध नसलेल्या नुसत्या दिखाऊ गोळीवर २३ पैकी एकाच्या. आकडे थक्क करणारे होते. मात्र ही माणसं हिपॅटायटिस बीची वाहक, म्हणजे तो विषाणू अंगात बाळगणारी होती; पावसाळी काविळीचा त्यात संबंधच नव्हता. पुढे थायलंडसह इतरत्र प्रयोग झाले, तिथे हे यश दिसलं नाही. उपचारांवरचे सगळे प्रयोग एकत्र तपासणाऱ्या कोक्रेन संस्थेच्या २०११ च्या आढाव्यालाही खात्रीचा पुरावा सापडला नाही. संशोधन जरूर चालू राहावं, पण १९८८ वर थांबून उपचार ठरवू नयेत.

‘अपाय शून्य.’ गुळवेलही वनस्पतीच. पण कोविडकाळात ती घेणाऱ्या सहा जणांच्या यकृताला झालेल्या इजेची नोंद मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये केली. पुढच्या वर्षी देशभरातून अशा ४३ रुग्णांची नोंद आली. आयुष मंत्रालयाचा आक्षेप होता की गुळवेलीसारखी दिसणारी दुसरी वेल असावी. तसं असेल तर धोका वाढतोच; बाजारातल्या पुडीत कोणती वेल आहे, हे घेणाऱ्याला कसं कळणार?

कावीळ गरोदर बाईला झाली असेल, रुग्ण असंबद्ध बोलत असेल किंवा त्याला सारखी गुंगी येत असेल, तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा. रस, काढा, पूड, जे काही पोटात गेलंय ते डॉक्टरांना सांगा आणि उरलेली पुडी सोबत न्या.