आमची कोरी कॉफी

आमच्या सांगलीच्या घरी चहा रोज व्हायचा आणि कॉफीला कारण लागायचं. जावई आले, मुलगी बघायला मंडळी आली, कोणी तापातून उठलं, नाहीतर दहावीचा मुलगा रात्री जागून अभ्यास करणार असला, तर कॉफी. वडील जिल्हा परिषदेत कारकून. त्या पगारात महिन्याला एक पुडी यायची आणि ती पोह्यांच्या डब्यामागे लपवली जायची, उंदरांपासून नव्हे, माझ्यापासून. आई आधी दूध आटवायची, त्यात साखर, वेलदोडा, वरून किसलेलं जायफळ, आणि सगळ्यात शेवटी देवाला कुंकू वाहावं तशी चिमूटभर कॉफी. जायफळानं झोप येते हे घरात प्रत्येकाला ठाऊक होतं. तरी जागरणाला तीच कॉफी मिळायची. दहावीत गेलेले माझे टक्के मी अजून जायफळाच्या खात्यावर मांडतो.

त्या पुडीतही निखळ कॉफी नसायचीच. चिकोरी नावाचं एक मूळ भाजून, दळून तीत मिसळलेलं असतं. रंग गडद येतो, कॉफी कमी लागते, भाव उतरतो. अशा मिश्रणात निदान ५१ टक्के कॉफी हवी, असा नियम आहे. म्हणजे काठावरच्या बहुमताचं सरकार: नाव कॉफीचं, कारभार चिकोरीचा. आमच्या जिभेला तीच कॉफी. मोठेपणी पहिल्यांदा निर्भेळ कॉफी प्यालो तेव्हा मला ती भेसळीची वाटली.

पुण्यात नोकरी लागली आणि पुडी जाऊन काचेची बरणी आली. रिकामी झाली की तिच्यात मेतकूट. आमच्या चाळीत कोणाचं कसं चाललंय हे विचारावं लागत नसे. फडताळावर मेतकुटाच्या, मोहरीच्या, सुपारीच्या बरण्या किती ते मोजायचं. रविवारी कॉफी फेटायची. कपात कॉफी, साखर, पाण्याचे चार थेंब, आणि ते पांढरट होईपर्यंत चमचा फिरवायचा. लग्नानंतर पहिली दोन वर्षं हे काम माझ्याकडे होतं. मनगट गेलं, पण सासूबाईंना जावई गुणी वाटला.

तेव्हा लग्नाच्या स्वागत समारंभात फुसफुसणारं एक यंत्र असायचं. फेसाळ दूध, वर चॉकलेटची पूड, आणि त्याला म्हणायचे एस्प्रेसो. त्याच भरवशावर मी पुढे एका चकचकीत कॅफेत एस्प्रेसो मागवली. बाहुलीच्या भातुकलीतला कप आला. तळाशी दोन घोट काळं काहीतरी. मी ते नमुना म्हणून चाखलं आणि कॉफीची वाट बघत वीस मिनिटं बसलो.

पुढे पगार वाढत गेला आणि एक गोष्ट लक्षात यायला लागली. दर बढतीला कॉफीतून काहीतरी कमी होत होतं. सहायक व्यवस्थापक झालो तेव्हा जायफळ गेलं. वरच्या वर्तुळात ते गावंढळ समजतात. चारचाकी आली तेव्हा चिकोरी गेली. साखर गेली ती अर्धी प्रतिष्ठेनं आणि अर्धी डॉक्टरांनी नेली. मग मुलगी कमावती झाली आणि तिनं दूध काढून घेतलं. आणि दर वेळी, जितकं कमी तितका भाव जास्त. आमचा सांगलीचा गवळी दुधात पाणी घालून पैसे घ्यायचा म्हणून आई त्याच्याशी रोज भांडायची. इथे दूध पूर्णच काढून घेतात, पाण्याचे पैसे लावतात, आणि आपण वर आभार मानतो.

एर्न्स्ट एंगेल नावाच्या जर्मन संख्याशास्त्रज्ञानं १८५७ मध्ये बेल्जियममधल्या कामगार कुटुंबांचे खर्च तपासून एक नियम मांडला: घराचं उत्पन्न वाढतं तसा त्यातला खाण्यापिण्यावरचा वाटा घटत जातो. (मार्क्सच्या जोडीचा तो एंगल्स निराळा.) माणूस हुशार होता, पण त्याच्या कुटुंबांत माझी मुलगी नव्हती. पहिल्या पगारात तिनं मला काचेचं एक नरसाळं, कागदी गाळण्या, बगळ्यासारख्या मानेची किटली आणि एक तराजू भेट दिला. शिवाय कर्नाटकातल्या बाबाबुदनगिरीच्या डोंगरातल्या कॉफीच्या बियांची पिशवी, पाव किलो, ६०० रुपये. बाबा बुदान नावाच्या सूफी संतानं सतराव्या शतकात येमेनहून कॉफीच्या सात बिया लपवून इथे आणल्या अशी कथा आहे. सातच का, ते मला दर बघितल्यावर कळलं.

आता रोज सकाळी सहाला मी १५ ग्रॅम कॉफी तोलतो. हातानं दळतो. २५० मिलिलिटर पाणी, ९३ अंश. उकळतं चालत नाही, कॉफी रागावते. पहिली धार टाकून अर्धा मिनिट थांबायचं. तिला म्हणे फुलायचं असतं. पिशवीवर छापलंय: संत्रं, मनुका, गूळ. यातलं आत काहीही नाही आणि घालायलाही बंदी आहे, फक्त भास झाला पाहिजे. मला अजून संत्रं लागलेलं नाही. गुळाचा भास एकदा झाला, पण त्या दिवशी संक्रांत होती.

या जानेवारीत आई महिनाभर राहायला आली. वय ऐंशी, नजर घारीची. पहिल्या दिवशी तिनं दारात उभं राहून सगळा प्रकार पाहिला. तोलणं, काट्याकडे बघत दोन दाणे परत पिशवीत टाकणं, आणि शेवटी ते काळं पाणी, बिनदुधाचं, बिनसाखरेचं, मी डोळे मिटून पितोय. काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी विचारलं, "दूध नासलं का रे?" म्हटलं, "नाही, मी अशीच घेतो." "हं," म्हणाली. तिसऱ्या दिवशी फ्रीज उघडून बघितला. चौथ्या दिवशी ही भाजीला गेली तशी आई माझ्या खोलीत आली आणि दार लोटून घेतलं.

"नोकरी कधी गेली?"

मी हसलो. ते तिला धीराचं हसू वाटलं.

"तुझे बाबासुद्धा असेच हसायचे, संपात." १९७७-७८ चा सरकारी कर्मचाऱ्यांचा संप, ५४ दिवस. मी तेव्हा पहिलीत होतो. मला फक्त वडील दिवसा घरी असल्याचा आनंद आठवतो. आईला हिशोब आठवतो. पगार थांबला तेव्हा आधी पेपर बंद केला, मग कॉफीची पुडी, मग दुधाचा रतीब अर्ध्यावर आणला आणि ते अर्धं मला. मोठी दोघं कोरा चहा घ्यायची, साखर मोजून. "मोजायला लागला माणूस की मला कळतं," ती म्हणाली. "हिला सांगितलंस का?"

आता खरं सांगायचं तर किंमत सांगावी लागली असती. नोकरी गेल्याचं तिनं सोसलं होतं. पाव किलोला ६०० रुपये तिनं सोसले नसते. मी गप्प बसलो. तिनं लुगड्याच्या घडीतून रुमाल काढला, पेन्शनमधून वाचवलेल्या पाचशेच्या दहा नोटा माझ्या हातात कोंबल्या आणि म्हणाली, "पोरीला कळू देऊ नको."

दुसऱ्या दिवशी सहाला मी उठलो तर तराजू माळ्यावर गेला होता आणि गॅसवर दूध आटत होतं. जायफळाचा वास बैठकीच्या खोलीपर्यंत. कपभर प्यालो. साडेसहाला परत झोपलो, ऑफिसला उशीर झाला, आणि मी निघालो तेव्हा आई हिला हळूच म्हणाली, "जाऊ दे त्याला. बाहेर पडला की बरं वाटतं."

काल मिरजेहून मामाचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर आवाज खाली आणून म्हणाला, "आमच्या पतसंस्थेत वसुलीची एक जागा आहे. पगार बेताचाच, पण चहा दोन वेळा मिळतो." आणि जरा थांबून, "दुधाचा."