अंदमानचा चंद्र

तांबोशी होती. चांगली सव्वा किलोची. हॅवलॉकला, म्हणजे आताच्या स्वराज द्वीपावर, गोविंदनगरच्या बाजारात मी स्वतः कल्ले उघडून, आतला लालभडकपणा बघून निवडलेली. पाचशे रुपये आगाऊ दिले. बंगाली मालक म्हणाला, "दादा, नौ बजे से पहले आना." इथे पाचच्या सुमाराला अंधारतं, नऊ म्हणजे मध्यरात्रच.

आमची सहल मराठी. आचारी सोबत, म्हणून भर समुद्रात पिठलं-भाकरी. त्यात नेमकी संकष्टी निघाली. मला उपास नाही. पण सटकताना सहलीतल्या काकांनी गाठलं आणि हातात ताट-चमचा दिला. "झांजा नाहीत. चंद्रोदय झाला की आरती, दोन मिनिटांत मोकळे."

आठाच्या आतच चंद्र वर आला. मी ताट बडवायला घेतलं. काकांनी चमचा धरला.

"अहो, थांबा! नऊ वाजून सहा मिनिटांनी आहे." मोबाइलमध्ये घरच्या कॅलेंडरच्या पानाचा फोटो.

"काका, ती मुंबईची वेळ. आपण केवढे पूर्वेला आलोय! इथे सव्वा तास आधी उगवतो."

"घड्याळ एकच ना?"

"घड्याळ एकच, पण चंद्र..."

"मग चंद्र काय दोन आहेत?"

मी वर बोट केलं. "हा काय समोर!"

सोसायटीत नवा भाडेकरू आल्यावर बघावं तसं काकांनी त्याच्याकडे पाहिलं. "हा अंदमानचा. आपला अजून यायचाय."

मॅनेजर मला म्हणाला, "राहू द्या ना सर, सीनियर आहेत." याच गृहस्थाने परवा सेल्युलर जेलमध्ये टाळ्या वाजवत आम्हाला बाहेर काढलं होतं. 1906 साली पुरा झालेला तो तुरुंग, सात इमारतींपैकी उरलेल्या तीन, रोज 30 पौंड तेल गाळायला लावणारा तो कोलू, सगळं मिळून चाळीस मिनिटं. सावरकरांच्या कोठडीत जेमतेम पाऊल टाकलं, तर "चला, चला, बस थांबलीय!" आणि उगवलेला चंद्र उगवायची वाट बघायला सव्वा तास. पैसे मी दोन्हीचे भरलेत.

पावणेनऊला काकू हळूच उठल्या, माडाआड जाऊन हात जोडले आणि आचाऱ्याकडून साबुदाण्याची खिचडी घेऊन बसल्या. मी बघतोय म्हटल्यावर म्हणाल्या, "माझं माहेर नागपूर. तिकडे वीस-पंचवीस मिनिटं आधीच होतो."

नऊ सहाला काकांनी मान वर केली. "आला बघा!" मग गणपती, शंकर, देवी, विठ्ठल, दत्त. एकही आरती सोडली नाही.

साडेनऊला धावत बाजारात गेलो. शटर खाली. पायरीवर एक मांजर मिशा पुसत बसलेली.

सकाळी उपम्याच्या रांगेत काकांनी पाठीवर थाप मारली. "संकष्टीला मासे खाणार होता म्हणे! वाचलात."

पाचशे रुपये. सकाळी साडेसहाची बोट. मागायला तरी कधी जाणार?