पीक घरात आलं, पण पुढच्या काढणीपर्यंत पुरणार का?

लहान शेतकऱ्याच्या घरातल्या अन्नाचा विषय निघाला की चर्चा बियाणं, खत आणि एकरी उताऱ्यावरच फिरत राहते. मळणीनंतरच्या आठ-दहा महिन्यांबद्दल कोणी अवाक्षर काढत नाही. माझं मत स्पष्ट आहे. एक-दोन एकरांच्या घरात उतारा वाढवायच्या आधी साठवण सुधारा. काढणी होताच पडत्या भावात धान्य विकायचं आणि काही महिन्यांनी तेच चढ्या भावानं विकत आणायचं, हे चक्र गरजेपोटी चालतंच. पण "ठेवलं तर किडे खातील" ही भीतीही त्यामागे असते. ही भीती घालवता येते.

आधी हिशेब करा. माणशी दिवसाला सरासरी 2100 किलोकॅलरी धरतात. त्यातल्या 1500 धान्यातून येत असतील, तर माणशी रोज सव्वाचारशे ग्रॅम धान्य लागतं. पाच माणसांच्या घराला वर्षाला पावणेआठ क्विंटल. बियाणं वेगळं. एवढं बाजूला काढल्यावर जे उरेल तेच विकायचं.

मग वाळवण. तृणधान्यात ओल 12-13 टक्क्यांपर्यंत उतरली पाहिजे. दाताखाली दाणा कडकन फुटला म्हणजे वाळला, यावर फार विसंबू नका. कोरड्या काचेच्या बाटलीत पाव भाग धान्य आणि दोन-तीन चमचे खडखडीत कोरडं मीठ घ्या, झाकण लावून मिनिटभर हलवा आणि पंधरा मिनिटं तशीच ठेवा. मीठ काचेला चिकटलं तर ओल 15 टक्क्यांच्या वर आहे. नाही चिकटलं तरी लगेच भरू नका, अजून एक-दोन दिवस ऊन द्या, कारण ही चाचणी 15 च्या खालचं काही सांगत नाही. आणि उन्हातलं गरम धान्य तसंच कोंडू नये. सावलीत पूर्ण निवू द्यावं. नाहीतर थंड बाजूला ओल धरते आणि तिथूनच बुरशी सुरू होते.

किडे पोत्यात बाहेरून येतात हा समज अर्धाच खरा. कडधान्यातला भुंगा शेतातच शेंगेवर अंडी घालतो. सोंड्याची मादी दाण्याला भोक पाडते, आत अंडं घालते आणि भोक बुजवून टाकते. म्हणजे वरून स्वच्छ दिसणारं धान्यही आतून लागलेलं असू शकतं. उबदार हवेत साधारण महिन्याभरात नवी पिढी बाहेर पडते.

यावर हवाबंद पिशवीइतका साधा उपाय दुसरा नाही. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाचे कीटकशास्त्रज्ञ लॅरी मर्डॉक यांनी 1980 च्या दशकाच्या अखेरीस कॅमेरूनमध्ये चवळीसाठी ही पद्धत विकसित केली: आत जाड प्लॅस्टिकच्या दोन पिशव्या, बाहेर विणलेलं पोतं. किडे श्वास घेऊन आतला ऑक्सिजन संपवतात, मग त्यांचं खाणं थांबतं. गंमत म्हणजे ते बरेचसे तहानेनं मरतात. कोरड्या धान्यातल्या किड्याला पाणी मिळतं ते स्वतःच्या शरीरात अन्न जाळून, आणि त्याला ऑक्सिजन लागतो.

भरण्याआधी पिशवी हवेनं फुगवून दाबून बघा. सूं आवाज आला की ती बाद. धान्य थोडं थोडं भरत दाबत जा, म्हणजे हवा आत अडकत नाही. वर वीतभर तोंड मोकळं ठेवा, त्याला पीळ द्या, दुमडा आणि सुतळीनं घट्ट बांधा. दोन्ही आतल्या पिशव्या वेगवेगळ्या बांधायच्या. धान्यात काडी-कचरा राहिला तर प्लॅस्टिकला भोक पडतं. उंदीर तर पिशवी कुरतडतोच, म्हणून ती फळीवर आणि भिंतीपासून हातभर लांब ठेवा. सगळ्यात मोठी चूक म्हणजे एकच मोठी पिशवी रोज उघडणं. दर वेळी ताजी हवा आत जाते आणि सगळी मेहनत वाया. महिन्याभराच्या हिशेबानं लहान पिशव्या भराव्यात.

ओलं धान्य हवाबंद केलं तर ते आंबतं, कुबट होतं. बुरशी धरलेले, रंग बदललेले दाणे निवडून फेका. त्या बुरशीतून तयार होणारं अफ्लाटॉक्सिन हे विष शिजवूनही जात नाही.

राहिल्या धान्यातले किडे मारायला टाकतात त्या अॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या. त्यातून सुटणारा फॉस्फिन वायू माणसालाही मारतो, आणि झोपायच्या खोलीतल्या पोत्यात गोळी टाकणारे लोक आजही आहेत. राहत्या घरात ती गोळी नकोच. कितीही कमी टाकली तरी नको.